पोळी आधी की टाळी आधी? डीन यांची मोहीम आणि दोन पगारी ब्लॉगर

जानेवारी २००५. अमेरिकेतली अध्यक्षीय निवडणूक होऊन दोन महिने झाले होते. हॉवर्ड डीन तर त्या शर्यतीतून वर्षभरापूर्वीच बाहेर पडले होते. विषय शिळा झाला असं वाटत असतानाच झेफर टीचआउट यांनी आपल्या ब्लॉगवर एक टिपण लिहिलं. डीन यांच्या मोहिमेत इंटरनेटवरच्या संघटनबांधणीची जबाबदारी त्यांच्याकडे होती, म्हणजे बोलणारी व्यक्ती घरातलीच होती.

टिपणाचा आशय असा. मोहिमेने मार्कोस मूलित्सास आणि जेरोम आर्मस्ट्राँग या दोन ब्लॉगरांना सल्लागार म्हणून पैसे दिले. त्यांनी डीन यांच्याबद्दल चांगलं बोलत राहावं, हा त्यामागचा मोठा हेतू होता. तशाच अनुभवाच्या दोन कर्मचाऱ्यांना जे मिळत होतं, त्याच्या दुपटीहून जास्त या दोघांना दिलं गेलं. आणि याच दमात त्यांनी हेही लिहिलं की पैशाच्या बदल्यात पाठिंबा देऊ असा शब्द त्या दोघांनी कधीच दिला नव्हता आणि त्यांचा सल्लाही पुढे उपयोगी पडला. मात्र मोहिमेच्या आत उद्देशाबद्दल कुणाला शंका नव्हती.

नीट पाहिलं तर विचित्र कबुली आहे ही. पैसे देणारा म्हणतो मी विकत घेतलं, पैसे घेणारा म्हणतो मी काही विकलंच नाही, आणि दोघंही खरं बोलत असू शकतात. लाच, दलाली, पेड न्यूज यांच्या नेहमीच्या चौकटीत हे प्रकरण बसत नाही. म्हणूनच पगारी राजकीय लेखनाबद्दल बोलताना मला थेट लाचखोरीपेक्षा हेच उदाहरण जास्त उपयोगाचं वाटतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. डीन हे व्हरमाँटचे माजी गव्हर्नर. डेमोक्रॅटिक पक्षातले बडे नेते इराक युद्धाबाबत गुळमुळीत बोलत असताना ते उघड विरोधात उभे राहिले. त्यांचे मोहीम-व्यवस्थापक जो ट्रिपी यांनी इंटरनेटवरून छोट्या देणग्या गोळा करण्याचं तंत्र असं काही वापरलं की २००३ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत मोहिमेकडे १ कोटी ४८ लाख डॉलर जमा झाले. डेमोक्रॅटिक उमेदवारासाठी हा विक्रम होता. या लाटेत ब्लॉगवाल्यांचा वाटा मोठा. आर्मस्ट्राँग यांचा ‘मायडीडी’ २००१ पासून चालू होता. मूलित्सास यांचा ‘डेली कोस’ मे २००२ मध्ये सुरू झाला आणि बघता बघता पुरोगामी मंडळींचा कट्टा बनला. दोघंही डीन यांचे चाहते, आणि तेही मोहिमेचा एक पैसा हाती येण्याच्या आधीपासून. हा क्रम लक्षात ठेवावा लागतो, कारण सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो.

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ असं आपण म्हणतो. इथे टाळी आधी वाजत होती, पोळी नंतर आली. आधीपासून टाळ्या वाजवणाऱ्याच्या ताटात पोळी वाढली तर तो मिंधा झाला का?

मूलित्सास यांनी सांगितलेला आकडा महिना ३,००० डॉलरचा, चार महिन्यांसाठी. म्हणजे १२,००० डॉलर. तिमाहीला दीड कोटीच्या आसपास जमवणाऱ्या मोहिमेच्या हिशेबात हा हजारातला एक हिस्साही नाही. ‘एवढ्याशा पैशांसाठी कोण विकला जाईल?’ हा बचाव त्या वेळी अनेकांनी केला. मला तो पटत नाही. रक्कम छोटी की मोठी हे देणाऱ्याच्या तिजोरीवरून ठरत नसतं, घेणाऱ्याच्या घरखर्चावरून ठरतं. २००३ साली ब्लॉगवर पोट भरणारे लोक फार थोडे होते. दरमहा येणारे ३,००० डॉलर अशा माणसासाठी किरकोळ नसतात. महिन्याच्या महिन्याला येणारी रक्कम तर एकरकमी बिदागीपेक्षा जास्त बांधून ठेवते, कारण पुढच्या महिन्याची वाट पाहायची सवय लागते.

आता दोघांनी काय केलं ते पाहू, कारण त्यांनी एकसारखं वागायचं ठरवलं नाही.

मूलित्सास लिहीत राहिले. मात्र आपण डीन यांच्या मोहिमेसाठी तांत्रिक सल्ल्याचं काम करतो, अशी ओळ त्यांनी ब्लॉगच्या मुखपृष्ठावर वरच्या बाजूला टाकली. लपवाछपवी नव्हती. वाचकांना सांगितलं होतं, ठळक सांगितलं होतं, आणि काम चालू होतं तोवर सांगितलं होतं. पुढे गदारोळ झाला तेव्हा ते टीचआउट यांच्यावर चिडले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही चिडलो असतो.

आर्मस्ट्राँग यांनी दुसरा मार्ग धरला. मोहिमेचं काम स्वीकारलं तेव्हा त्यांनी ब्लॉग बंद ठेवला आणि करार संपल्यावर पुन्हा लिहायला घेतलं. पगार चालू असताना मौन. बहुतेक जण याला सर्वांत स्वच्छ वागणूक म्हणतील, आणि वरवर पाहता ती आहेच. पण यात टीचआउट यांच्या आरोपाला एक अडचण येते. चांगलं लिहून घेण्यासाठीच पैसे दिले असतील, तर लिहिणारा गप्प बसल्यावर मोहिमेने करार गुंडाळायला हवा होता. तसं झालं नाही. म्हणजे एक तर तांत्रिक सल्ला खरोखर हवा होता, किंवा मोहिमेला आपण नक्की काय विकत घेतोय याचं भान नव्हतं. मोहिमांचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना दुसरी शक्यता अजिबात अशक्य वाटणार नाही. एका टेबलावरचा माणूस सल्ल्यासाठी करार करतो, शेजारच्या टेबलावर त्याच कराराचा अर्थ ‘आपला माणूस झाला’ असा लावला जातो, आणि ही दोन टेबलं एकमेकांशी बोललेली नसतात.

पण मूलित्सास यांच्या त्या ओळीवर अजून थोडं थांबू.

ती ओळ मुखपृष्ठावर होती. ब्लॉगचा वाचक मात्र दर वेळी मुखपृष्ठावरून आत येत नाही. कुणीतरी एका लेखाचा दुवा पाठवतो, वाचक थेट त्या लेखावर उतरतो, दोन परिच्छेद वाचतो आणि निघून जातो. शिवाय त्याच काळात ‘आरएसएस रीडर’चा, म्हणजे अनेक ब्लॉगांचे नवे लेख एकाच ठिकाणी आणून दाखवणाऱ्या साधनाचा, वापर वाढू लागला होता. त्यात लेखाचा मजकूर तेवढा येतो. वरची पट्टी, बाजूचा रकाना, तिथलं निवेदन हे सगळं गळून पडतं. एखाद्याच्या पडद्यावर फक्त ‘आयोवात डीन यांची स्थिती भक्कम’ अशा थाटाचा मजकूर उतरला असेल, तर हे लिहिणारा त्या मोहिमेचा सल्लागार आहे हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता. दुकानाच्या दारावर पाटी लावली म्हणून दुकानातून बाहेर गेलेल्या प्रत्येक पुडीवर ती चिकटत नाही. खुलासा मजकुराबरोबर प्रवास करायला हवा, हे आज सगळे मान्य करतात. २००३ मध्ये ते कुणाला सुचलं नसेल तर त्याबद्दल त्या माणसाला फार दोष द्यावा असं मला वाटत नाही.

जास्त गंभीर अडचण शब्दांची आहे. ‘तांत्रिक सल्ला’ म्हणजे काय? हे शब्द वाचून डोळ्यांसमोर सर्व्हर, डेटाबेस, देणग्यांचं पान असं काहीतरी येतं. उमेदवाराची बाजू मांडण्याशी त्याचा संबंध नाही, असा वाचकाचा समज होतो. मूलित्सास यांच्या दृष्टीने ते वर्णन खरंही असेल. पण मोहिमेतल्या काहींच्या दृष्टीने, टीचआउट यांच्या सांगण्यानुसार, ते पैसे वेगळ्याच कारणासाठी जात होते. त्यामुळे वाचकाला कळलं ते खरं, पण अर्धं. उरलेलं अर्धं सांगणं लेखकाच्या हातात नव्हतं, कारण ते त्याला माहीतच नव्हतं. किंवा माहीत करून घ्यावं असं त्याला वाटलं नव्हतं.

इथे माझा कल स्पष्ट सांगतो. या प्रकरणात लेखकांपेक्षा मोहीम जास्त दोषी आहे. आपण पगारी लेखनाबद्दल बोलतो तेव्हा सगळा रोख लेखकावर असतो: त्याने सांगितलं का, कुठे सांगितलं, किती मोठ्या अक्षरात सांगितलं. पैसे देणाऱ्याच्या हेतूची चौकशी क्वचितच होते. पण हेतू ज्याचा, त्यानेच तो उघड करायला हवा. ‘आम्ही यांना यासाठी नेमलं आहे, आणि यांचा ब्लॉग लोकप्रिय आहे हेही त्यामागचं एक कारण आहे’ एवढं मोहिमेने २००३ मध्येच जाहीर केलं असतं, तर दीड वर्षाने कुणाला कबुली द्यावी लागली नसती. आणि लेखकाला नाही म्हणायची संधी मिळाली असती.

टीचआउट यांच्या हेतूवरही त्या वेळी शिंतोडे उडाले. डीन तेव्हा डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षपदासाठी उभे होते आणि १२ फेब्रुवारी २००५ रोजी ते निवडूनही आले. त्यामुळे नेमका मुहूर्त साधला, असं काहींना वाटलं. दुसरीकडे टिपण आलं त्याच जानेवारी महिन्यात हार्वर्डमध्ये ब्लॉगिंग, पत्रकारिता आणि विश्वासार्हता या विषयावर परिषद होती आणि हा प्रश्न तसाही चर्चेत होता. आपल्याच गटाची भानगड बाहेर काढणाऱ्याला घरभेदी ठरवणं ही सगळ्या पक्षांची जुनी खोड आहे, एवढं म्हणून मी पुढे जातो.

वाद पेटला तो मात्र दुसऱ्याच एका आर्मस्ट्राँगमुळे. ७ जानेवारी २००५ रोजी ‘यूएसए टुडे’ने बातमी दिली की आर्मस्ट्राँग विल्यम्स या पुराणमतवादी भाष्यकाराला शिक्षण खात्याकडून, केचम या जनसंपर्क कंपनीमार्फत, २,४०,००० डॉलरचा करार मिळाला होता. काम काय, तर बुश सरकारच्या शालेय शिक्षण कायद्याची भलामण. प्रेक्षकांना, वाचकांना याचा पत्ता नव्हता. त्यांचा स्तंभ वितरित करणाऱ्या संस्थेने संबंध तोडला. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या अमेरिकी यंत्रणेने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निष्कर्ष काढला की हा छुपा प्रचार होता आणि सरकारी निधी त्यासाठी वापरायला मनाई आहे.

एका आठवड्यात, १४ जानेवारीला, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये डीन मोहिमेने दोन ब्लॉगरांना दिलेल्या पैशांची बातमी आली. उजव्या गटाला हवं ते सापडलं: तुमचेही आर्मस्ट्राँग, आमचेही आर्मस्ट्राँग, फिट्टंफाट. नावाचा योगायोग असा की एखाद्या लेखकाने कथेत घातला असता तर संपादकाने खोडला असता.

ही तुलना अन्यायाची होती. विल्यम्स यांना गेले ते करदात्यांचे पैसे, डीन मोहिमेचे पैसे देणगीदारांचे. विल्यम्स यांनी सांगितलं नाही, मूलित्सास यांनी सांगितलं. विल्यम्स यांच्या करारात मजकूर हेच काम होतं, इथे तसं काही कबूल झालेलं नव्हतं. आणि रक्कम वीसपट. हे चारही फरक सांगून झाल्यावर टीचआउट यांचं वाक्य मात्र तसंच शिल्लक राहतं.

खरी तुलना व्हायला हवी होती ती साउथ डकोटाशी. २००४ मध्ये तिथे सिनेटमधले डेमोक्रॅटिक नेते टॉम डॅशल आणि रिपब्लिकन जॉन थून यांच्यात लढत होती. स्थानिक ब्लॉगांनी डॅशल यांच्यावर, आणि त्याहून जास्त ‘आर्गस लीडर’ या राज्यातल्या प्रमुख दैनिकावर, तोफ डागली होती. हे वृत्तपत्र डॅशल यांना सांभाळून घेतं, असा त्यांचा रोजचा आरोप. थून ४,५०८ मतांनी जिंकले. सिनेटमधला एखाद्या पक्षाचा नेता पराभूत होण्याची १९५२ नंतरची ही पहिलीच वेळ. निवडणुकीनंतर बातम्यांत आलं की यातल्या दोन ब्लॉगरांना थून यांच्या मोहिमेने पैसे दिले होते, एकाला २७,००० डॉलर आणि दुसऱ्याला ८,००० डॉलर.

गंमत बघा. हे पैसे बेकायदा नव्हते, आणि तांत्रिक अर्थाने गुप्तही नव्हते. संघीय निवडणूक आयोगाकडे मोहिमेने जो खर्च दाखवायचा असतो, त्यात ते होते. दुसऱ्याच्या तोंडावर पक्षपाताचा आरोप रोज फेकणारा स्वतः एका पक्षाचा पगार घेतो, हे त्या आरोपाचं वजन ठरवायला वाचकाला कळणं आवश्यक होतं. पण ब्लॉगवर रोज येणाऱ्याला ते ठळकपणे दिसत नव्हतं. ज्याला हवं त्याने आयोगाच्या कागदांत शोधावं.

हे कागद कसे असतात? २०० डॉलरच्या वरचा प्रत्येक खर्च स्वतंत्र नोंदवायचा: कुणाला दिला, त्याचा पत्ता, तारीख, रक्कम, आणि एका छोट्या रकान्यात खर्चाचं प्रयोजन. मोठ्या मोहिमेच्या एका तिमाही अहवालात अशा नोंदींची शेकडो पानं भरतात. मंडपाचं भाडं, विमानाची तिकिटं, पिझ्झा, छपाई, पगार, आणि मध्येच कुठेतरी एक नाव आणि समोर ‘कन्सल्टिंग’. हा शब्द म्हणजे अमेरिकी निवडणूक खर्चातला सर्वांत ऐसपैस गाठोडं. त्यात काहीही बांधता येतं. आयोगालाही हे कळलेलं होतं. जानेवारी २००७ मध्ये त्याने धोरण जाहीर केलं की प्रयोजनाच्या रकान्यात नुसतं ‘कन्सल्टिंग’ चालणार नाही, कशाबद्दलचा सल्ला ते लिहावं लागेल.

कायद्याचं पुढे काय झालं, हे या प्रकरणाचं दुसरं अंग. २००२ च्या निवडणूक निधी सुधारणा कायद्यानंतर आयोगाने इंटरनेटला सरसकट वगळलं होतं. २००४ मध्ये न्यायालयाने ही सरसकट सूट रद्द केली, त्यामुळे नवे नियम करणं भाग पडलं. ब्लॉगवाल्यांत घबराट पसरली. उमेदवाराच्या संकेतस्थळाचा दुवा दिला तर ती देणगी धरणार का, इथपर्यंत अफवा. २००५ च्या जूनमध्ये आयोगासमोर सुनावणी झाली तेव्हा डावे आणि उजवे ब्लॉगर एका बाजूला बसले होते, आणि त्यांत मूलित्सासही होते. २७ मार्च २००६ रोजी आयोगाने एकमताने नियम संमत केले. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर पैसे देऊन लावलेली जाहिरात तेवढी कायद्याच्या कक्षेत आली, बाकी इंटरनेट मोकळं. मोहिमेकडून पैसे घेणाऱ्या ब्लॉगराने वाचकाला तसं सांगावं, अशी सक्ती नाही. पैशांची नोंद मोहिमेने तिच्या अहवालात करायची, संपलं.

मला हा निकाल पूर्ण चुकीचा वाटत नाही. घरी बसून रात्री अकरा वाजता राजकारणावर चार ओळी लिहिणाऱ्या माणसावर निवडणूक कायद्याचं ओझं टाकलं असतं, तर पैसे न घेणारेच आधी घाबरून गप्प झाले असते. पैसे घेणाऱ्यांना वकील परवडतो. पण ‘लिहिणाऱ्या सर्वांवर बंधन’ आणि ‘मोहिमेचे पैसे घेणाऱ्यांवर बंधन’ या दोन गोष्टी वेगळ्या होत्या, आणि पहिलीची भीती दाखवून दुसरीही सोडून दिली गेली. या पळवाटेचा उपयोग कुणाला होणार हे ओळखायला ज्योतिषी नको होता. २०२० मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांच्या मोहिमेने इन्स्टाग्रामवरच्या विनोदी खात्यांना पैसे देऊन आपल्याबद्दलचे मीम टाकून घेतले, तेव्हा ब्लॉगर जाऊन इन्फ्लुएन्सर आले होते, प्रश्न तोच होता.

कॅलिफोर्नियाने आपल्या राज्यापुरतं वेगळं केलं. २०१३ मध्ये तिथल्या राजकीय आचार आयोगाने नियम केला की उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात इंटरनेटवर मजकूर लिहिण्यासाठी समितीने कुणाला पैसे दिले, तर अहवालात त्या व्यक्तीचं नाव आणि मजकूर जिथे आला ते ठिकाण लिहायचं. त्या मजकुरातच ‘यासाठी अमुक समितीने पैसे दिले’ असं नमूद असेल तर ही जादा नोंद माफ. मला यातली सूट आवडते. वाचकाला जागेवर सांगा, नाहीतर सरकारला तपशीलवार सांगा.

डीन प्रकरण या नियमावर घासून पाहिलं तर? मूलित्सास यांना पैसे मजकुरासाठी मिळालेच नव्हते, निदान करारानुसार. अहवालात ‘तांत्रिक सल्ला’ लिहिलं गेलं असतं, कुणी हरकत घेतली नसती, आणि ते वाक्य पुन्हा एकदा खरं ठरलं असतं. शेजारच्या टेबलावर काय बोललं जात होतं, यासाठी त्या अर्जात रकाना नाही.